सराट्यापासून पित्ताशयापर्यंत: चमकणाऱ्या रंगद्रव्यांचा माग

सोलापूरच्या माळावर पाऊस पडला की जमिनीलगत पसरणारा सराटा, म्हणजे गोखरू, सगळ्यांच्या ओळखीचा. वनस्पतीतलं चमकणारं रंगद्रव्य देऊन पित्ताशयातले खडे शोधता येतील का, हा इथला प्रश्न. पित्ताशयाच्या तपासणीशी सराट्याचा संबंध दक्षिण आफ्रिकेतून येतो. तिथं सराटा खाल्लेल्या मेंढ्यांची तोंडं उन्हात सुजून पिवळी पडत. क्लॉड रिमिंग्टन आणि क्विन या संशोधकांनी 1930 च्या दशकात कारण शोधलं. चाऱ्यातलं क्लोरोफिल पोटातले जंतू मोडतात, त्यातून फायलोएरिथ्रिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं. यकृत ते रक्तातून उचलून पित्तात सोडतं. सराट्यामुळे पित्ताची वाट तुंबली की ते रक्तातच साचतं आणि उन्हानं कातडी भाजते. अतिनील दिव्याखाली हे द्रव्य लाल चमकतं. पित्ताचा मार्ग दाखवणारी वनस्पतीजन्य खूण निसर्गानं अशी आधीच बनवून ठेवली आहे.

माणसात मात्र क्ष-किरणांनी बाजी मारली. फिनॉल्फ्थॅलीन या रसायनाची काही रूपं पित्तातून बाहेर पडतात, हे एबल आणि राउन्ट्री या संशोधकांनी 1909 मध्ये दाखवलं होतं. त्याच धाग्यावर ग्रॅहॅम आणि कोल या डॉक्टरांनी 1924 मध्ये ब्रोमीनयुक्त रूप शिरेतून देऊन क्ष-किरणांत पित्ताशयाचं चित्र मिळवलं. भरलेल्या पित्ताशयात खडे रिकाम्या ठिपक्यांसारखे दिसत. पित्ताशय भरलंच नाही, तर नळी बंद असल्याचा संशय.

मग चमकणारी खूण म्हणून हळद का नको? ती चमकते खरी. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळून नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरा, हिरवट-पिवळा उजेड दिसेल. आता मोबाइलचा टॉर्च बोटाखाली लावा. बोट फक्त लाल दिसतं, कारण निळा-हिरवा प्रकाश रक्त गिळून टाकतं. हळदीचा उजेड त्यातच संपतो. शिवाय हळदीतलं रंगद्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात विरघळत नाही आणि तोंडावाटे घेतलं तर रक्तात जेमतेम पोहोचतं. आमच्या मते खरी अडचण उजेडाच्या खोलीची आहे. मात्रा वाढवून ती सुटणार नाही.

इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य त्यामुळेच टिकलं: त्याचा अवरक्त उजेड रक्त फारसं गिळत नाही. 1959 पासून वापरात असलेलं हे द्रव्य कृत्रिम आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी साधारण 2.5 मिलिग्रॅम शिरेतून देतात आणि अवरक्त कॅमेऱ्यात पित्तनलिका उजळतात. तरी हा प्रकाशही सेंटीमीटरभराच्या पुढं जात नाही, म्हणून पोट न उघडता खडे शोधायला त्याचा उपयोग नाही. या औषधात आयोडीन असतं, म्हणून त्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगायलाच हवं.

खडे ओळखायला आजही सोनोग्राफीच. सहा ते आठ तास उपाशी राहिलं की पित्ताशय फुगतं. खडा पांढरा, मागं काळी सावली, कूस बदलली की सरकतो. सकाळचा चहा घेऊन गेलात, तर आकसलेल्या पित्ताशयात बारीक खडा सुटून जाऊ शकतो.