बोटीच्या इंजिनातलं कूलंट: कोणतं घ्यावं, केव्हा आणि कसं बदलावं

गोसीखुर्दच्या जलाशयात आणि आसपासच्या तलावांवर बोटी चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? मग कूलंट कशाला, पाणीच टाका," असं बरेच बोटवाले सांगतात. बर्फाचं खरं आहे. भंडारा-गोंदियात कडाक्याच्या थंडीतही इंजिनातलं पाणी गोठत नाही. पण कूलंटचं, म्हणजे पाण्यात मिसळून इंजिनात फिरवायच्या द्रवाचं, काम तेवढंच नाही. आपल्या भागात ते लागतं गंज रोखायला, खार बसू नये म्हणून आणि उन्हाळ्यात इंजिन उकळू नये म्हणून. साधं पाणी १०० अंशाला उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी मिसळलं की तेच १०७-१०८ अंशापर्यंत टिकतं आणि प्रेशर कॅप, म्हणजे आत दाब धरून ठेवणारं झाकण, धड असेल तर त्याहूनही पुढे.

आधी एक गोष्ट तपासा. तुमची मोटर बोटीच्या मागे टांगलेली असेल, तर बहुधा तिला कूलंट लागतच नाही. ती तलावाचंच पाणी ओढून इंजिनात फिरवते आणि बाहेर टाकते. या पत्रकातला पुढचा मजकूर आहे बोटीच्या आत बसवलेल्या, हीट एक्स्चेंजरवर चालणाऱ्या डिझेल इंजिनांसाठी. अशा इंजिनात दोन पाणी वेगवेगळे फिरतात. आतल्या बंद फेऱ्यात कूलंट असतं आणि बाहेरच्या फेऱ्यात तलावाचं पाणी. दोन्ही एक्स्चेंजरमध्ये शेजारून जातात, पण एकत्र होत नाहीत. कूलंटची उष्णता तलावाचं पाणी घेऊन जातं.

कोणतं घ्यावं

रंग पाहून कूलंट घेऊ नका. हिरवं म्हणजे अमुक आणि लाल म्हणजे तमुक, असा कुठलाही पक्का नियम नाही. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. पाहायचं ते डब्याच्या मागे छापलेलं मानक: आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६. जड डिझेल इंजिनासाठी एएसटीएम डी ६२१० हे वेगळं मानक आहे. अशा इंजिनाचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळ्या, थेट कूलंटमध्ये उभे असतात. इंजिन चालताना ते थरथरतात, बाहेरून बारीक बुडबुडे फुटत राहतात आणि त्यांनी लायनरला खड्डे पडतात. त्याला अडवणारं रसायन या कूलंटमध्ये असतं. इंजिनाच्या पुस्तकात जे मानक लिहिलंय तेच घ्या. पुस्तक हरवलं असेल तर इंजिनावरच्या पाटीचा फोटो काढून आणा, आम्ही पाहून सांगू.

जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण २ वर्षं चालतं आणि सेंद्रिय आम्लावर आधारलेलं ५ वर्षांपर्यंत. दोन्ही एकमेकांत मिसळू नका. मिसळलं की महागड्या कूलंटचं आयुष्य स्वस्तातल्याइतकं होतं आणि कधी कधी आत चिकट गोळाही धरतो. वाटेत पातळी कमी दिसली आणि आत कोणतं आहे ते ठाऊक नसेल, तर घरी येईपर्यंत डिस्टिल्ड पाण्यानेच भागवा.

पाणी मिसळताना

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी इथेच वाटते. बोरिंगचं पाणी इंजिनात टाकू नका. विहिरीचं किंवा तलावाचंही नको. आपल्याकडच्या बोरच्या पाण्यात चुना बराच असतो. हिटरच्या रॉडवर पांढरा थर चढतो ना, तोच थर सिलिंडरच्या भोवती चढतो. मग कूलंट कितीही चांगलं असो, उष्णता धातूतून बाहेर पडत नाही आणि हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधलं सील, जातं. बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी वापरा, त्याच्या कॅनची किंमत गॅस्केटच्या मानाने काहीच नाही.

प्रमाण निम्मं-निम्मं ठेवा. आपल्याकडे गोठण्याची भीती नसल्याने पुस्तकात परवानगी असेल तर कूलंट एक तृतीयांशापर्यंत खाली चालतं. त्याखाली गेलात तर गंज रोखणारं रसायन अपुरं पडतं. नुसतं कूलंट भरणंही चूक, कारण पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही. डब्यावर 'तयार मिश्रण' लिहिलं असेल तर त्यात पाणी मिसळू नका.

बदलताना

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम इंजिनाची कॅप उघडून तोंड-हात भाजल्याच्या घटना दरवर्षी होतात, आणि त्या टाळता येतात. खाली पसरट भांडं ठेवा. नुसता एक्स्चेंजरचा बोल्ट सोडून भागत नाही, इंजिन ब्लॉकचाही बोल्ट उघडा, कारण जुनं कूलंट आणि गाळ तिथेच खाली बसलेला असतो. डिस्टिल्ड पाण्याने स्वच्छ निघेपर्यंत धुवा. होज पाइप दाबून पाहा. कडक किंवा फुगलेला वाटला तर आत्ताच बदला.

नवं कूलंट हळूहळू ओता आणि हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा ठेवा. आत अडकलेली हवा इंजिन तापवते आणि काटा मात्र ठीक दाखवतो. मग बोट पाण्यात असताना, कॅप न लावता, इंजिन सावकाश चालवा. इंजिन तापल्यावर कूलंटची वाट मोकळी करणारा थर्मोस्टॅट साधारण ८० अंशाच्या वर उघडला की पातळी झटकन खाली जाते. तेवढं भरून कॅप लावा आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा पाहा.

तलावाच्या पाण्याची बाजू

इंजिन चालू केलं की आधी मागे धुराबरोबर पाणी पडतंय का ते पाहा. न पडता वाफ येत असेल तर लगेच बंद करा. गोसीखुर्दमध्ये जलपर्णी आहे, तिची मुळं ओढ पाइपाच्या जाळीत अडकतात. जाळी वरचेवर काढून धुवा. तलावाचं पाणी ओढणाऱ्या पंपातला इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, रबराचा असतो. कोरडा फिरला की थोड्याच वेळात त्याची पाती तुटतात आणि तुकडे एक्स्चेंजरमध्ये जातात. ते तुकडे मोजून बाहेर काढावे लागतात. काही एक्स्चेंजरला आतला धातू गंजू नये म्हणून झिंकची कांडी असते. ती समुद्रातल्या पाण्यासाठी असते. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमची लावा.

कूलंट कमी होतंय पण बाहेर गळती दिसत नाही, असं झालं तर ऑइलची काडी काढून पाहा. ऑइल दुधाळ असेल तर त्यात कूलंट मिसळतंय, इंजिन चालवू नका, फोन करा. ऑइल स्वच्छ असेल तर एक्स्चेंजरची नळी फुटून कूलंट तलावात जात असण्याची शक्यता आहे.

काढलेल्या कूलंटचं काय करायचं

ते तलावात ओतू नका, काठावरही नको. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोडसर, त्यामुळे कुत्री, शेळ्या, वासरं चाटतात आणि दगावतात. पाण्यात गेलं तर कुजताना ते पाण्यातला प्राणवायू ओढतं. बोडीसारख्या छोट्या तलावात मासे मरायला तेवढं पुरतं. ढिवर बांधवांचं पोट त्याच पाण्यावर आहे, आणि कित्येक गावं तेच पितात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यावर 'जुनं कूलंट' असं ठळक लिहून आमच्याकडे आणा. पिण्याच्या पाण्याची बाटली त्यासाठी वापरू नका. कूलंट आमच्याकडून घेतलं नसेल तरी आम्ही ते ठेवून घेतो, पैसे घेत नाही.