रिकाम्या गल्लीवरचा जागा टॉवर

रात्री एक वाजता इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला झुंबड असते आणि पैसे द्यायला जो तो फोन बाहेर काढतो. तिथला टॉवर जागा हवाच. पण त्याच वेळी लोकमान्यनगरात सामसूम असते, आणि तिथला टॉवरही वीज खात असतो.

एका मोबाइल कंपनीचा शाश्वतता अहवाल, म्हणजे पर्यावरणासाठी काय केलं याचा लेखाजोखा, नुकताच चाळला. रोपं लावणाऱ्या कर्मचाऱ्यांचे फोटो भरपूर; रिकाम्या टॉवरबद्दल एक ओळ नाही. कंपनीच्या विजेचा सर्वांत मोठा वाटा टॉवरवर जातो, आणि तिथेही बराचसा पॉवर ॲम्प्लिफायर, म्हणजे संकेताचा जोर वाढवणारा भाग, खातो. काही पाठवायचं नसलं तरी त्याला नुसतं तयार ठेवायला वीज लागते.

मग तो बंद का करत नाहीत? खरी गंमत इथे आहे. ४जीमध्ये एका मिलिसेकंदाचे १४ तुकडे असतात, प्रत्येक सुमारे ७१ मायक्रोसेकंदांचा. त्यांतल्या निदान चार तुकड्यांत टॉवरला ‘मी इथे आहे’ असा संदर्भ-संकेत द्यावाच लागतो. गस्तवाल्याच्या शिट्टीसारखा, कोणी ऐको न ऐको. मध्ये सलग मोकळे मिळतात ते दोन किंवा तीन तुकडे. तेवढ्यात ॲम्प्लिफायर डुलकी घेऊ शकतो, पण ज्या भागांना जागं व्हायला वेळ लागतो ते चालूच ठेवावे लागतात. ५जीत ही सततची शिट्टी काढून टाकली. ओळखीचे संकेत ५ मिलिसेकंदांच्या आत उरकायचे आणि सहसा २० मिलिसेकंदांनी पुन्हा द्यायचे. नियमात हे अंतर १६० मिलिसेकंदांपर्यंत ताणता येतं. मधल्या वेळात झोप गाढ होते. ६४ ट्रान्समीटरची ५जीची पेटी भरात असताना ४जीपेक्षा जास्त वीज ओढते, म्हणून ही झोप फार मोलाची. ती सॉफ्टवेअरमधून चालू करावी लागते, आणि ते कंपनीच्या हातात असतं.

  

२०२२-२३पासून शेअर बाजाराच्या नियामक सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना असा शाश्वतता अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात ‘प्रति जीबी वीज घटली’ असं दिसलं की एकूण युनिट किती लागली तेही बघा. लोक जास्त डेटा वापरू लागले की पहिला आकडा आपोआप उतरतो, दुसरा नाही. डिझेलचंही तसंच: टॉवर भाड्याचा असेल तर जनरेटरचा धूर बऱ्याचदा टॉवर-मालक कंपनीच्या थेट उत्सर्जनात मोजला जातो, मोबाइल कंपनीच्या नाही.