पार्श्वभूमी : आधुनिक नृत्याची जर्मन वाट

इसाडोरा डंकन अनवाणी नाचली इथपासूनची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. लोई फुलरची काठ्यांवर भिरभिरणारी रेशमी वस्त्रं, रूथ सेंट डेनिसची १९०६ची ‘राधा’, पुढे मार्था ग्रॅहम : ही अमेरिकी वंशावळ इथे पुन्हा मांडत नाही. आपल्याकडे पोहोचलेल्या आधुनिक नृत्याचा एक मोठा प्रवाह जर्मनीतून आला, आणि त्या वाटेवर १९३३ ते १९३६ ही वर्षं लागतात. नृत्याच्या वर्गांत ती सहसा गाळूनच पुढे जातात.

पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर रुडॉल्फ लाबान स्वित्झर्लंडमध्ये आस्कोनाच्या टेकडीवर उन्हाळी वर्ग घ्यायचा. संगीत आणि कथानक काढून घेतलं तर नुसत्या हालचालीतून काय उभं राहतं, हा त्याचा ध्यास. मेरी विगमन तिथेच घडली. १९२० मध्ये तिने ड्रेस्डेनला शाळा काढली. तिच्या ‘चेटकिणीच्या नृत्या’त ती मुखवटा घालून जमिनीवर बसलेली असते. हात पायांवर आवळलेले, साथीला फक्त तालवाद्यं, आणि ती बसल्या बसल्याच सरकते, आपटते, गरकन वळते. सुंदर दिसायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलेलं दिसतं. १९२८ मध्ये लाबानने आपली नृत्यलिपी, म्हणजे हालचाली कागदावर चिन्हांनी लिहून ठेवायची पद्धत, प्रसिद्ध केली. ती आजही वापरात आहे.

लाबानचाच शिष्य कुर्ट योस. त्याचं ‘हिरवं टेबल’ १९३२ मध्ये पॅरिसच्या स्पर्धेत पहिलं आलं. काळ्या कोटातले, मुखवटे घातलेले मुत्सद्दी हिरव्या कापडाच्या टेबलाभोवती माना डोलावतात, वाकून नमस्कार करतात, दोन पियानोंवर टँगो चालू असतो. मग पिस्तुलं झडतात आणि मृत्यू रंगमंचाचा ताबा घेतो. शेवटी तेच मुत्सद्दी, तेच टेबल.

पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले. मंडळीतल्या ज्यू सहकाऱ्यांना काढा, असा दबाव योसवर आला. त्याचा संगीतकारही ज्यू होता. योसने नकार दिला आणि अख्खी मंडळी घेऊन सरहद्द ओलांडली. लाबान बर्लिनच्या सरकारी ऑपेरात नृत्यप्रमुख होता. त्याच १९३३ मध्ये त्याने तिथल्या बालवर्गातून ज्यू मुलांना वगळलं. पुढे प्रचार मंत्रालयाच्या पैशावर तो नृत्यमहोत्सव भरवू लागला. १९३६च्या ऑलिम्पिकसाठी त्याने हजारेक हौशी नर्तकांचा भव्य प्रयोग बसवला. जून महिन्यातल्या रंगीत तालमीला नाझी प्रचारमंत्री गोबेल्स आला, त्याला ते आवडलं नाही, आणि प्रयोग रद्द झाला. लाबान नंतर देश सोडून गेला. म्हणजे तो बाहेर पडला खरा, पण मर्जी खप्पा झाल्यावर. विगमन जर्मनीतच राहिली. ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला तिचं समूहनृत्य झालं. नाझींविरुद्धच्या रोषामुळे तिच्या न्यूयॉर्कच्या शाखेला त्याच वर्षी विगमनचं नाव टाकून शाळेचं नाव बदलावं लागलं.

लाबान आणि विगमन यांचा बचाव नेहमी एकाच सुरात होतो. कलाकार राजकारणात भाबडे असतात, मंदीत शाळा बुडत होत्या, सरकारी आश्रयाशिवाय पर्याय नव्हता. पैशाचा मुद्दा खोटा नाही. पण योसपुढे तोच पेच होता, तोही त्याच वर्षी, आणि त्याचंही पोट नृत्यावरच होतं. म्हणून हा बचाव मला अर्धाच पटतो.

ऑलिम्पिकच्या आधी जुलैत बर्लिनमध्ये आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा झाली. मार्था ग्रॅहमने निमंत्रण धुडकावलं. तिच्या मंडळीत ज्यू नर्तकी होत्या. आपल्याकडून मात्र कथक नर्तकी मेनकाबाईंची मंडळी तिथे गेली, पारितोषिकं घेऊन आली आणि युरोपभर दौरा केला. पारतंत्र्यातल्या देशाच्या कथकला असा मंच मिळणं सोपं नव्हतं, हे मान्य. तरी आपल्या लेखांत त्या बक्षिसांचा जेवढा उल्लेख येतो, तेवढा यजमान कोण होते याचा येत नाही. परतल्यावर मेनकाबाईंनी खंडाळ्यात नृत्यालय काढलं.

योसला इंग्लंडमध्ये डार्टिंग्टनला आसरा मिळाला. तिथल्या ज्या धनिक दांपत्याने त्याला जागा दिली, त्यांनीच नर्तक उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्राला पैसे दिले. अल्मोड्यात शिकवायला जोहरा सेहगल होत्या, त्यांनी ड्रेस्डेनला विगमनच्या शाळेत शिक्षण घेतलं होतं. युद्धकाळात केंद्र बंद पडलं आणि तिथली माणसं पांगली. शांती बर्धन मुंबईत अंधेरीला इप्टाच्या (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) पथकात दाखल झाले, जोहराबाई पृथ्वी थिएटरमध्ये. योस युद्धानंतर एसेनला परतला, आणि १९५५ मध्ये तिथे पिना बाउश नावाची मुलगी शिकायला आली, पुढे जगभर गाजलेली नृत्यरचनाकार.

जानेवारी १९८४ मध्ये मुंबईत पूर्व-पश्चिम नृत्यसंवाद भरला. जर्मनीहून आलेल्यांत विगमनची एक शिष्या होती. भरतनाट्यमच्या रंगमंचापासून बरीच वर्षं दूर राहिलेल्या, महाराष्ट्रातल्या वाडा या गावी जन्मलेल्या चंद्रलेखा तिथेच पुन्हा नृत्यरचना घेऊन उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी त्यांचं ‘अंगिका’ आलं.