पार्श्वभूमी : बिनोदबिहारींचं पाहणं

चित्रकला शिकायला आलेल्या मुलाला धड दिसतच नसेल तर त्याला घ्यायचं का, असा प्रश्न १९१९ साली शांतिनिकेतनात उभा राहिला. मुलगा होता बिनोदबिहारी मुखर्जी. जन्म १९०४ चा, कोलकात्याजवळच्या बेहाला इथला. एक डोळा जन्मापासून निकामी, दुसऱ्याची नजर फारच अधू. तिथे चित्रकला शिकवणारे चित्रकार नंदलाल बोस यांना त्याच्याबद्दल शंका होती. रवींद्रनाथांनी ती मिटवली. मुलगा नेमाने येऊन बसतो, मन लावून काम करतो, मग करू द्या त्याला. पुढे त्याचं काय होईल याची चिंता आत्ताच कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

हाच मुलगा १९२५ साली शांतिनिकेतनातल्या कलाशाळेत, कलाभवनात, शिक्षक झाला. शिकवणं, ग्रंथालय सांभाळणं आणि स्वतःचं चित्र, तिन्ही एकाच वेळी सुरू झालं. मला वाटतं, त्यांचं सगळं समजून घ्यायचं तर इथूनच घ्यावं. पावसाच्या पाण्याने चिरलेली तांबडी जमीन, तिथे तिला खोआई म्हणतात, त्यांनी वर्षानुवर्षं रंगवली. देवादिकांपेक्षा त्यांना दारातलं झाड आणि वाटेवरचा माणूस जवळचा होता. १९४० मध्ये वसतिगृहाच्या छतावर त्यांनी बीरभूमचं खेडं चितारलं: मधोमध तळं आणि चहूबाजूंनी झाडं, माणसं, गुरंढोरं. त्याच वर्षी शिकायला आलेल्या सत्यजित राय यांच्यावर या छताची विलक्षण छाप पडली.

त्यांचं सर्वांत मोठं काम म्हणजे शांतिनिकेतनातल्याच हिंदी भवनातलं मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र, १९४६–४७ चं. ओल्या गिलाव्यावर रंगवायचं म्हणजे त्या दिवशी लिंपलेला तुकडा वाळायच्या आत पुरा करायचा. नंतर खोडायची सोय नाही. चित्रकार म्हणूनच आधी पूर्ण आकाराची आखणी कागदावर करून ती भिंतीवर उतरवून घेतात. बिनोदबिहारींनी ती केली नाही. एका अधू डोळ्याने, थेट भिंतीवर, संतांची आणि लोकांची ती सलग रांग त्यांनी उभी केली. हे वाचताना दरवेळी माझा हात थांबतो. हाताखाली मदतीला असलेल्या विद्यार्थ्यांत के. जी. सुब्रमण्यन होते.

१९४९ मध्ये त्यांनी शांतिनिकेतन सोडलं. काठमांडूचं संग्रहालय, राजस्थानातली वनस्थळी, मसुरी असा प्रवास झाला. १९५६–५७ च्या सुमारास मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बिघडली आणि होती ती नजरही गेली.

त्यानंतर ते कलाभवनात परतले ते कलेचा इतिहास शिकवायला. दिसत नसताना चित्रांबद्दल शिकवणं ऐकायला अशक्य वाटतं. पण पन्नाशीपर्यंत त्यांनी जे बारकाईने पाहिलं होतं, ते सगळं स्मरणात शाबूत होतं. कामही थांबलं नाही. कागदाची घडी बोटांनी चाचपायची, कडेचा अंदाज घ्यायचा आणि कात्री चालवायची. त्यातून माणसं, जनावरं निघत. १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर फरशांचं मोठं चित्र झालं ते अशा कागदी आकारांवरूनच. त्याच वर्षी राय यांनी आपल्या गुरूवर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला.

लेखन तर आधीपासूनच चालू होतं. आता ते सांगत आणि दुसरं कुणी उतरवून घेई. आठवणी आणि कलाविचारांचं ‘चित्रकर’ हे बंगाली पुस्तक १९७९ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी, ११ नोव्हेंबर १९८० रोजी, ते गेले.

सुब्रमण्यन १९५१ पासून बडोद्यात शिकवू लागले. तिथल्या विद्यापीठाचा चित्रकला विभाग तेव्हा चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे घडवत होते. सुब्रमण्यन यांनीही आयुष्यभर चित्रं काढली, शिकवलं, लिहिलं. आणि हिंदी भवनात ज्यांच्या हाताखाली ते भिंतीपाशी उभे राहिले, त्या गुरूचं ‘चित्रकर’ त्यांनीच इंग्रजीत आणलं.