कॉम्बो व्हेंडिंग मशीन : दुरुस्ती व रूपांतर

वेफर्स, बिस्किटे, चॉकलेट असे सुके पदार्थ आणि थंड पेयांचे डबे किंवा बाटल्या एकाच कपाटातून विकणाऱ्या स्वयंचलित यंत्रास कॉम्बो अथवा संयुक्त व्हेंडिंग मशीन म्हणतात. प्रस्तुत नोंदीत अशा जुन्या यंत्रांची दुरुस्ती आणि आजच्या चलनव्यवहाराला साजेसे त्यांचे रूपांतर यांचा विचार केला आहे. पेयांचे एक आणि खाद्यपदार्थांचे एक अशी दोन यंत्रे पोसण्याइतकी जेथे वर्दळ नसते, ती छोटी कार्यालये, गॅरेजे व मोटेल ही या यंत्राची मूळ जागा होय. त्याचा प्रसार मुख्यत्वे अमेरिकेत, साधारणतः 1980 आणि 1990 च्या दशकांत झाला. यांपैकी पुष्कळ यंत्रे मुरलेल्या व्यावसायिकांनी नव्हे, तर जाहिरात वाचून जोडधंद्यात पैसे घालणाऱ्या नवख्यांनी विकत घेतली होती. या विक्रीतील फसवणूक इतकी बोकाळली, की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षक संस्थेने 1998 मध्ये राज्यांच्या यंत्रणांना सोबत घेऊन व्हेंडिंग-धंद्याच्या फसव्या योजनांविरुद्ध खास मोहीम हाती घेतली. विकणारे नाहीसे झाले, यंत्रे मात्र उरली. सुटे भाग आणि माहितीपुस्तिका मिळेनाशा झालेल्या या पोरक्या यंत्रांमुळे रूपांतर हा दुरुस्तीचा जवळजवळ स्वतंत्र प्रकार बनला.

पूर्वपीठिका : नाणे टाकून वस्तू मिळण्याच्या योजनेचे सर्वांत जुने उपलब्ध वर्णन अलेक्झांड्रियाच्या हीरॉनच्या ‘न्यूमॅटिका’ या ग्रंथात आढळते. मंदिरातील पात्राच्या फटीतून पाच द्राख्मांचे नाणे आत सोडले की ते तरफेच्या टोकावरील तबकडीवर पडे, त्या भाराने तरफ कलून झडप उघडे आणि पवित्र जल वाहू लागे. तबकडी पुरती कलताच नाणे घसरून जाई व झडप आपोआप मिटे. हे यंत्र खुद्द हीरॉनचे की त्याआधी सुमारे तीन शतके अलेक्झांड्रियातच होऊन गेलेल्या क्टेसिबिअसचे, याविषयी एकमत नाही. आपण पूर्वसूरींचे ज्ञान एकत्र मांडून त्यात स्वतःच्या शोधांची भर घालत आहोत, असे हीरॉन प्रस्तावनेत म्हणतो. परंतु कोणते यंत्र कोणत्या वर्गातील, हे तो प्रत्येक ठिकाणी सांगत नाही. त्याच्या स्वतःच्या काळाबाबतही इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून इ. स. तिसऱ्या शतकापर्यंत मते मांडली गेली आहेत. विज्ञानेतिहासकार ओटो नॉयगेबाउअर यांनी 1938 मध्ये हीरॉनच्या ‘डायोप्ट्रा’ या ग्रंथातील चंद्रग्रहणाचा इ. स. 62 शी मेळ घालून दाखविला आणि तेव्हापासून पहिले शतक सामान्यतः मान्य झाले. या गणिताच्या निर्णायकतेविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या असल्या, तरी पहिले शतक सोडून देण्याइतके बळ त्यांत दिसत नाही. यंत्राच्या कर्तृत्वाबाबत मात्र ‘वर्णन हीरॉनचे, कल्पना कदाचित त्याहून जुनी’ एवढेच म्हणणे सुरक्षित ठरते. हे यंत्र नाणे केवळ वजनावरून ओळखे, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. पुढील सगळी अडचण तिच्यातूनच निघते.

आधुनिक काळात रिचर्ड कार्लाइल याने 1822 मध्ये लंडनमध्ये बंदी असलेली पुस्तके यंत्राद्वारे विकली. पर्सिव्हल एव्हरिट याचे पोस्टकार्ड विकणारे यंत्र 1883 च्या सुमाराचे, तर न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवरील च्युइंगमची यंत्रे 1888 मधील आहेत. काचेचा दर्शनी भाग आणि वेटोळ्यांत ठेवलेल्या वस्तू फिरत पुढे ढकलणाऱ्या तारेच्या स्प्रिंगा असलेली रचना 1970 च्या दशकात रूढ झाली व कॉम्बो यंत्राने ती जशीच्या तशी उचलली.

दुरुस्ती : यंत्राचा लोखंडी सांगाडा, कप्पे आणि स्प्रिंगा सहसा बिघडत नाहीत. बिघाड होतो तो मोटरींच्या स्विचमध्ये, कंट्रोल बोर्डात (यंत्र चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीत), पैसे स्वीकारणाऱ्या भागांत आणि शीतयंत्रणेत. म्हणूनच ‘बोर्ड मिळत नाही’ एवढ्यावरून असे यंत्र भंगारात काढणे चुकीचे आहे.

स्प्रिंगच्या मागची मोटर उघडली असता प्लास्टिकच्या डबीत दातेरी चाके, शेवटच्या चाकावर खाच असलेला कॅम (फिरती चकती) आणि त्या कॅमवर टेकलेली छोट्या स्विचची पाती दिसते. स्प्रिंगचा एक फेरा पूर्ण होताच पाती खाचेत पडते व ‘फेरा झाला, थांब’ असा संकेत बोर्डाला मिळतो. वंगणावर धूळ बसून स्पर्शबिंदू काळा पडला की हा संकेत पोहोचत नाही. मग मोटर फिरत राहते आणि एका पैशात दोन पुड्या पडतात, किंवा बोर्ड त्या स्प्रिंगचा कप्पा बंद ठरवून टाकतो. अशा वेळी मोटर बदलण्याआधी कॅम हाताने फिरवून मल्टिमीटरवर स्विचची उघडझाप पाहावी. पुष्कळदा स्पर्शबिंदू साफ करण्यानेच काम भागते. बोर्डाच्या बाबतीत सुकलेले किंवा फुगलेले कपॅसिटर, जोडण्यांच्या मुळाशी तडकलेले सोल्डरचे सांधे आणि किमती लक्षात ठेवणाऱ्या बॅटरीतून पाझरलेल्या द्रवाने खाल्लेले तांब्याचे पट्टे हे दोष प्रथम तपासतात.

रूपांतर : जुन्या यंत्रांत नाणेयंत्रणेची भाषा प्रत्येक घराण्याची वेगळी होती. कोठे 120 व्होल्टवर चालणारा चेंजर (नाणी घेऊन सुटे पैसे परत देणारा भाग), कोठे 24 व्होल्टचा, जोडणीतील पिनांची संख्याही निरनिराळी; एकच किंमत चालणाऱ्या पेययंत्रांत तर ती किंमत खुद्द चेंजरवरील स्विचांनी ठरवली जाई. हा गोंधळ मल्टी-ड्रॉप बस, म्हणजे एमडीबी, या प्रमाणाने मिटवला. एका नाणेयंत्र-उत्पादकाने कोका-कोलासाठी ते तयार केले आणि 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील व्हेंडिंग व्यवसायाच्या संघटनेने ते स्वीकारले. यात कंट्रोल बोर्ड हा मालक आणि चेंजर, नोट-परीक्षक, कार्डवाचक ही उपकरणे त्याची अंकित असतात. सर्व जण एकाच तारांच्या जोडणीवर 9600 बॉड (सेकंदाला 9600 संकेत) वेगाने बोलतात. प्रत्येक संदेशघटकात आठ बिटांच्या जोडीला एक नववा बिट असतो आणि हा घटक पत्ता आहे की माहिती, हे तो सांगतो. या नवव्या बिटामुळे साध्या संगणकाच्या सिरियल जोडणीवरून एमडीबीशी संवाद साधण्याचे प्रयत्न फसतात. स्वस्त परिवर्तक घेणाऱ्यांनी हे आधी पाहून घ्यावे. मालक प्रत्येक उपकरणाला आळीपाळीने ‘काही सांगायचे आहे का’ असे विचारत राहतो व उत्तर पाच मिलिसेकंदांत सुरू व्हावे लागते. उपकरणांना सुमारे 34 व्होल्ट एकदिश (डीसी) वीज याच जोडणीतून मिळते.

यावरून रूपांतराचे दोन मार्ग निघतात. पहिल्यात जुना बोर्ड ठेवून त्याची भाषा एमडीबीत बदलणारा दुभाषी बोर्ड मध्ये घालतात. दुसऱ्यात जुना बोर्ड काढून सार्वत्रिक एमडीबी बोर्ड बसवितात व प्रत्येक मोटरची तार नव्याने आणून जोडतात. पहिला स्वस्त पडतो. परंतु मूळ बोर्ड जर्जर असेल तर तो खर्च वाया जातो, म्हणून दुसरा मार्गच अधिक टिकाऊ मानावा लागेल. मात्र खाद्यपदार्थांच्या मोटरी 24 व्होल्ट एकदिश आणि पेयांच्या 120 व्होल्ट प्रत्यावर्ती (एसी), अशी मिश्र मांडणी असल्यास पेयांच्या बाजूस रिले (विजेच्या संकेताने चालणारे स्विच) घालणे अटळ असते.

चलन बदलले की यंत्र आंधळे होते. अमेरिकेत 1 डॉलरच्या नोटेचा आराखडा 1963 पासून जवळजवळ तसाच असल्याने जुने नोट-परीक्षक ती अजून ओळखतात. 5 डॉलरची नवी नोट 2008 मध्ये आली, तेव्हा मात्र त्यांची स्मृती अद्ययावत करावी लागली. भारतातील उदाहरण अधिक बोलके आहे. 1992 पासूनचे पोलादी 1 रुपयाचे नाणे 25 मिमी व्यासाचे व 4.85 ग्रॅम वजनाचे होते आणि 2011 च्या मालिकेतील 2 रुपयांचे नाणेही नेमके तेवढेच आहे. केवळ आकार आणि वजन पाहणाऱ्या यंत्राला, उदा., रेल्वे फलाटांवरील वजनाचे तिकीट देणाऱ्या काट्याला, ही दोन नाणी वेगळी कळण्याचा मार्गच राहत नाही. हीरॉनच्या तबकडीचीच ही मर्यादा आहे. 2016 मध्ये यूपीआय सुरू झाल्यानंतर भारतात क्यूआर संकेत दाखवणारे एमडीबी उपकरण बसविणे हा नाणेयंत्रणा दुरुस्त करण्यापेक्षा सोपा पर्याय ठरला आहे.

शीतयंत्रणा : 1990 च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या यंत्रांत बहुधा आर-12 हे प्रशीतक (थंडावा आणणारा वायू) असते. मॉन्ट्रिऑल करारानुसार त्याचे उत्पादन विकसित देशांत 1995 अखेर आणि भारतासारख्या देशांत 2010 पर्यंत बंद झाले. त्याजागी आर-134ए भरताना कॉम्प्रेसरमधील खनिज तेल काढून एस्टर तेल घालावे लागते व फिल्टर-ड्रायर (ओलावा व कचरा टिपणारा भाग) बदलावा लागतो. नुसता गॅस बदलल्यास तेल नळ्यांत अडकून कॉम्प्रेसर कोरडा चालतो. पुष्कळ वेळा मात्र दोष गॅसचा नसून कंडेन्सरवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर) साचलेल्या धुळीचा किंवा दाराच्या सैल रबराचा असतो. दारात कागद धरून दार लावावे. कागद सहज ओढून निघाला तर रबर बदलावे.

अमेरिकी यंत्र भारतात चालवायचे तर 230 व्होल्टचे 115 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर पुरेसा नाही, कारण तो वारंवारता बदलत नाही. 60 हर्ट्झची मोटर 50 हर्ट्झवर सुमारे एकषष्ठांशाने मंद फिरते आणि तिच्या गाभ्यातील चुंबकीय प्रवाह मर्यादेत ठेवायचा तर व्होल्टेज 96 च्या आसपास आणावे लागते. अन्यथा कॉम्प्रेसर तापतो. संपूर्ण शीतयंत्रणा 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची बसविणे हाच भरवशाचा उपाय होय.

पेयांचे स्तंभ सुमारे 66 मिमी व्यासाच्या 355 मिलि.च्या अमेरिकी डब्यासाठी आखलेले असतात. सुमारे 53 मिमीचा 250 मिलि.चा बारीक डबा त्यात आडवा-तिडवा अडकतो. म्हणून बाजूंना पट्ट्या लावून स्तंभ अरुंद करतात आणि एका वेळी एकच डबा सुटतो की नाही हे स्तंभ काठोकाठ भरून तपासतात. ही चाचणी करताना यंत्र भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने जखडलेले असावे, कारण अडकलेला डबा काढण्यासाठी यंत्र हलवल्याने ते अंगावर कोसळून अमेरिकेत 1978 ते 1995 या काळात किमान 37 जणांचा मृत्यू झाला होता. उत्पादक जोडणीची आकृती दाराच्या आत चिकटवीत असत; रूपांतरानंतर ती निरुपयोगी होते, तेव्हा नव्या तारांचे रंग, मोटरींचे क्रमांक आणि भरलेल्या प्रशीतकाचे नाव व वजन लिहिलेला कागद त्याच जागी लावतात.