एकाच निदानात कोंबलेली मुलं

वयाची 13 वर्षं पूर्ण होण्याआधी सुरू होणारा स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मनोविकार, फार दुर्मीळ आहे. साधारण 40 हजारांत एक मूल, असा अंदाज सहसा दिला जातो. अनुभवी मनोविकारतज्ज्ञालाही अख्ख्या कारकिर्दीत अशी मुलं बोटांवर मोजण्याइतकीच भेटतात. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या बालमनोविकार विभागांत हेच निदान सर्रास लागत होतं. आजार तेव्हा जास्त होता असं नाही. वेगवेगळ्या अडचणींची मुलं एकाच नावाखाली गोळा होत होती आणि त्यांना वेगळं काढायला जवळपास अर्धं शतक गेलं. आज कुणी मुलाच्या फाइलवर हा शब्द लिहीत असेल, तर त्याला हा इतिहास ठाऊक असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात युरोपातली. जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी तरुणपणी सुरू होऊन बुद्धी पोखरत जाणाऱ्या आजाराचं वर्णन केलं. असाच आजार लहान मुलांतही दिसतो, असं 1906 मध्ये इटलीच्या सांते दे सांक्तिस यांनी मांडलं. 1911 मध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांचा स्किझोफ्रेनियावरचा ग्रंथ आला. त्यात ‘ऑटिझम’ म्हणजे बाहेरच्या जगापासून तुटून स्वतःत बुडून जाणं, आणि ते स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण. पुढच्या गोंधळाचं बीज इथंच पडलं.

1943 मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी 11 मुलांवरचा लेख प्रसिद्ध केला. ही मुलं आधी नीट मिसळत होती आणि मग तुटली, असं नव्हतं. ती अगदी सुरुवातीपासूनच इतरांशी जोडली गेली नव्हती. हा फरक कॅनर यांनी स्पष्ट लिहिला होता. पण काही वर्षांनी त्यांनीच या मुलांना स्किझोफ्रेनियाच्या व्यापक गटात ठेवायला कौल दिला. 1952 च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत, म्हणजे पहिल्या डीएसएममध्ये, स्वमग्नतेला (आजच्या अर्थानं ऑटिझमला, म्हणजे कॅनर यांनी वर्णन केलेल्या अवस्थेला) स्वतंत्र जागाच नव्हती. अशा मुलांसाठी होता तो स्किझोफ्रेनियाचा ‘बाल प्रकार’. त्यामुळे न बोलणारं दोन वर्षांचं मूल आणि अकराव्या वर्षी कानात आवाज ऐकू येऊ लागलेलं मूल, दोघांवर एकच शिक्का.

या काळाची सर्वांत क्रूर बाजू म्हणजे आयांवर आलेला आळ. 1948 मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ ही कल्पना मांडली. कॅनर यांनीही पालकांच्या कोरडेपणाबद्दल लिहिलं आणि त्यातून ‘फ्रिजसारखी थंड आई’ घराघरांत पोहोचली. शिकागोत मुलांची निवासी शाळा चालवणाऱ्या ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकातून हाच विचार लोकप्रिय केला. त्यांची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली होती. मानसोपचाराचं रीतसर शिक्षण त्यांच्याकडे नव्हतं, हे त्यांच्या मृत्यूनंतर नीट उजेडात आलं. शाळेत मारहाण होत असे, असं तिथल्या माजी विद्यार्थ्यांनीही त्यानंतर उघडपणे सांगितलं. उपचार करणाऱ्याची पात्रता कोण तपासतं, हा प्रश्न इतका महाग पडू शकतो. 1969 मध्ये कॅनर यांनी पालकांच्या एका सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केलं, पण तोवर एक पिढी अपराधीपणाच्या ओझ्याखाली जगली होती.

न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातल्या लॉरेटा बेंडर यांना मात्र आईला दोष देणं मान्य नव्हतं. आपल्याकडचे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आजही जी आकृत्या काढून घेण्याची बेंडर जेस्टाल्ट चाचणी वापरतात, ती यांचीच, 1938 ची. बाल स्किझोफ्रेनिया हा मेंदूच्या वाढीतला दोष आहे, असं त्या ठामपणे मांडत. यातून उपचारही शारीरिकच हवेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. 1947 मध्ये त्यांनी विजेचे झटके दिलेल्या सुमारे 100 मुलांचा अहवाल प्रसिद्ध केला. मुलं शांत आणि अधिक परिपक्व झाली, असं त्यांनी नोंदवलं. 1954 मध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी असे झटके मिळालेल्या मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा टिकाऊ सुधारणा आढळली नाही. 1960 च्या दशकात बेंडर यांनी काही मुलांना एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य देण्याचेही प्रयोग केले. हेतू वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. पण तुलनेसाठी उपचार न घेतलेला गट नाही, मुलाची संमती घेण्याची रीत नाही, आणि ज्या निदानावर सगळं उभं आहे तेच ढिसाळ. यातल्या कितीतरी मुलांना स्किझोफ्रेनिया नव्हताच.

गुंता सोडवला तो इंग्लंडमधल्या संशोधकांनी. 1971 मध्ये इस्रायल कोल्विन आणि सहकाऱ्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला: त्रास कोणत्या वयात सुरू झाला? उत्तरात मुलांचे दोन वेगळे पुंजके दिसले. 47 मुलांचा त्रास वयाच्या तिसऱ्या वर्षाआधीचा होता, तर 33 जणांचा पाचव्या वर्षानंतरचा. मधल्या वयात जवळजवळ कुणीच नव्हतं. उशिरा सुरू झालेल्या गटात भास होते, भ्रम होते, आणि आईवडिलांमध्येही स्किझोफ्रेनिया अधिक आढळत होता. लवकरच्या गटात यातलं जवळपास काही नव्हतं. पुढच्याच वर्षी मायकेल रटर यांनी ‘बाल स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा आता निरुपयोगी झाल्याचं मांडलं. 1980 च्या तिसऱ्या डीएसएममध्ये स्वमग्नता स्वतंत्र झाली आणि मुलांच्या स्किझोफ्रेनियालाही प्रौढांचेच निकष लागू झाले.

त्यानंतरचं महत्त्वाचं काम अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी 1990 च्या सुमारास सुरू केलं. मुलाला दाखल करायचं, देखरेखीखाली सगळी औषधं थांबवायची आणि मगच निदान पक्कं करायचं, ही त्यांची पद्धत. काही मुलांचं निदान याच टप्प्यावर गळून पडलं. 1996 च्या चाचणीत 21 रुग्णांमध्ये क्लोझापिन हे औषध हॅलोपेरिडॉल या दुसऱ्या औषधापेक्षा सरस ठरलं, पण पांढऱ्या पेशी घटणं आणि फिट येणं हे धोकेही दिसले. याच संशोधनाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. खऱ्याखुऱ्या बाल स्किझोफ्रेनियाच्या 30 ते 50 टक्के मुलांत आधीपासून स्वमग्नतेच्या गटातली लक्षणं असतात. दोन आजार वेगळे, तरी एकाच मुलात दोन्ही असू शकतात.

रोजच्या कामात चूक होते ती बहुधा ‘आवाज ऐकू येतात’ या वाक्यावर. 2012 च्या एका एकत्रित विश्लेषणानुसार 9 ते 12 वयोगटातली सुमारे 17 टक्के मुलं भासासारखे अनुभव सांगतात. घरातला मृत्यू, अत्याचार, अपुरी झोप, तीव्र चिंता, कल्पनेतला सवंगडी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. बहुतेकांचे हे अनुभव पुढे ओसरतात. तेव्हा या एका वाक्यावरून इतकं जड निदान लावणं मला धोक्याचं वाटतं.

आपल्याकडच्या कायद्यांतही या इतिहासाचे धडे उतरलेले दिसतात. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्यानुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला नोंदणी सक्तीची आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार भूल आणि स्नायू सैल करणारी औषधं दिल्याशिवाय विजेचे झटके देता येत नाहीत. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी, दोन्ही लागतात. 1995 च्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अशी मुलं मतिमंदत्व किंवा मनोविकार अशा दुसऱ्याच रकान्यात बसवावी लागत. 2016 च्या कायद्याने स्वमग्नता आणि मनोविकार वेगवेगळे नोंदवले. त्याआधीची प्रमाणपत्रं असलेली मुलं आता तरुण आहेत. त्यांच्या फाइलवरचं निदान पुढे चालवण्याआधी घरच्यांना मुलाच्या पहिल्या तीन वर्षांबद्दल सविस्तर विचारायला हवं: बोलणं कधी आलं, नजर देत होतं का, हाक मारली की वळत होतं का, आणि बदल झाला असेल तर नेमका कोणत्या वयात.