ठाणे जिल्हा न्यायालयात ई-फायलिंग: पात्रता, कागदपत्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घ्यायची पूर्वतपासणी

दावा तयार असतो, पक्षकाराच्या सह्या झालेल्या असतात, कोर्ट फी भरलेली असते आणि तरीही फायलिंग विभागाची हरकत लागून प्रकरण परत येते. अशा वेळी कायद्याचा गहन प्रश्न क्वचितच आडवा आलेला असतो. सत्यापनावर (मजकूर खरा असल्याच्या पक्षकाराच्या सहीच्या ग्वाहीवर) तारीख नसते, कागदपत्रांच्या यादीतला अनुक्रम जोडलेल्या पानांशी जुळत नाही, किंवा प्रतिवादीचा पत्ता अपुरा असतो. मुदत संपत आलेली असेल तर एवढी हरकतसुद्धा पक्षकाराला फार महागात पडते. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर आणि बेलापूरच्या न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांना, विशेषतः नव्याने सनद घेतलेल्यांना, कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने या टप्प्यावर कशी उपयोगी पडतात आणि कुठे घात करतात, हे दाखल करण्याच्या क्रमानेच येथे मांडले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी मद्रासच्या सहकार्याने ई-फायलिंगमधील त्रुटी ओळखणारी साधने विकसित केली असून त्यांचे प्राथमिक रूप २०० ॲडव्होकेट्स-ऑन-रेकॉर्डना (त्या न्यायालयात प्रकरणे दाखल करण्याचा अधिकार असलेल्या वकिलांना) वापरण्यास दिले. ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ७,२१० कोटी रुपयांपैकी ५३.५७ कोटी रुपये कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ब्लॉकचेन यांसारख्या तंत्रज्ञानासाठी राखलेले आहेत. पुढे वर्णन केलेली तपासणी मात्र न्यायालयाची सेवा नाही. ती वकिलाने आपल्या कार्यालयात आणि आपल्याच जबाबदारीवर करायची आहे.

दाखल कोण करू शकतो

अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये नोंदणी झालेला, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद असलेला वकील ई-फायलिंग पोर्टलवर आपला नोंदणी क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि ई-मेल देऊन, ओटीपीने पडताळणी करून खाते उघडू शकतो. स्वतः बाजू मांडणाऱ्या पक्षकारालाही खाते उघडता येते. पक्षकारातर्फे काम पाहण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे सही केलेले वकीलपत्र लागते. संगणकीय साधनाला या साखळीत कोणतेही स्थान नाही. मसुदा कोणी किंवा कशाने तयार केला, याचा विचार न करता सत्यापन आदेश ६ नियम १५ प्रमाणे पक्षकाराचे आणि सादरीकरण वकिलाचे राहते, त्यामुळे झालेल्या चुकीचे उत्तरदायित्वही तिथेच राहते.

कागदपत्रे आणि त्यांची जुळणी

साध्या दिवाणी दाव्यासाठी दावा, त्यावरील सत्यापन, दाव्याच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र, आदेश ७ नियम १४ प्रमाणे कागदपत्रांची यादी व त्यांच्या प्रती, वकील कल्याण निधीचे तिकीट लावलेले वकीलपत्र, पत्त्याचा मेमो आणि कोर्ट फी भरल्याची पावती एवढे तरी हाताशी असावे. सर्व कागद ए-४ आकारात, शोधता येईल अशा मजकुराच्या पीडीएफमध्ये असावेत.

यंत्राचा खरा उपयोग इथे आहे. आदेश ७ नियम १ चा मूळ मजकूर आणि आपला दावा एकत्र देऊन साधनाला असे सांगावे की नियमातील प्रत्येक खंडासमोर दाव्यातील परिच्छेद क्रमांक लिही आणि जिथे परिच्छेद सापडत नाही तिथे ‘आढळले नाही’ असे नोंदव. न्यायालयाचे नाव, पक्षकारांचे वर्णन व राहण्याचे ठिकाण, दाव्याचे कारण कधी घडले, अधिकारक्षेत्र कशावरून येते, मागणी काय आणि मूल्यांकन किती, हे सर्व काही मिनिटांत समोर येते. ‘माझा दावा बरोबर आहे का’ असा मोघम प्रश्न विचारल्यास साधन बहुधा गोड उत्तर देते आणि ते उत्तर निरुपयोगी असते.

स्थावर मिळकतीच्या दाव्यात आदेश ७ नियम ३ प्रमाणे चतुःसीमा किंवा सर्व्हे क्रमांक लागतो. समजा, घोडबंदर रस्त्यालगतच्या जमिनीच्या दाव्यातील परिशिष्टात सर्व्हे नंबर ४५/२/अ असा टंकलेला आहे, सात-बारावर तो ४५/अ/२ आहे आणि सूची क्रमांक दोनमध्ये (दस्तनोंदणीच्या उताऱ्यात) फक्त ४५ आहे. दिवसभर कागद चाळून थकलेल्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही. तिन्ही कागदांतील क्रमांक शेजारी शेजारी मांडायला सांगितले की तो चटकन दिसतो. हस्तलिखित जुने फेरफार मात्र यंत्राला नीट वाचता येत नाहीत, आणि ‘वाचता आले नाही’ असे सांगण्याऐवजी ते एखादा क्रमांक स्वतःच भरून टाकण्याचा धोका असतो. अशी पाने माणसानेच वाचावीत.

इलेक्ट्रॉनिक पुरावा जोडताना जास्त सावध राहावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे आणि त्याच्या अनुसूचीतील प्रमाणपत्राचे भाग अ आणि भाग ब असे दोन भाग आहेत. भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा. साधने अजूनही जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब चा नमुना पुढे करतात, कारण त्यांना शिकवलेला बहुतेक मजकूर त्या काळातला आहे. प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ओळख-आकडा, द्यावे लागते. ते चॅटबॉटला विचारू नये, तो दिसायला खरा वाटणारा आकडा रचून देऊ शकतो. हॅश त्यासाठीच असलेल्या सॉफ्टवेअरने मूळ फाइलवर काढावे.

कोणते न्यायालय

हा प्रश्न नवी मुंबईत फसवा आहे. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली यांच्या पत्त्यातही नवी मुंबई लिहिलेले असते, पण ती पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात आहेत. पत्त्यावरून न्यायालय सुचवणारे साधन ‘नवी मुंबई’ हे शब्द पाहून सर्वांना बेलापूरला पाठवू शकते. धनादेश अनादराच्या प्रकरणात तर धनादेश खात्यामार्फत वटवण्यासाठी भरला असेल, तर पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४२(२) प्रमाणे ज्याला पैसे मिळायचे आहेत त्याचे खाते ज्या शाखेत आहे त्या शाखेवरून अधिकारक्षेत्र ठरते. त्यामुळे फिर्यादी वाशीत राहत असला तरी त्याचे खाते खारघरच्या शाखेत असेल तर पनवेलचा विचार करावा लागतो. साधनाला पक्षकाराच्या पत्त्यासोबत शाखेचा पत्ता आणि तालुकाही द्यावा.

महापालिकेविरुद्धच्या दाव्यात साधन सहसा संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस सुचवते. ते कलम सरकार आणि लोकसेवक यांच्यासाठी आहे. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेने महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमान्वये केलेल्या कृतीबद्दल दावा असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ४८७ खालील एक महिन्याची नोटीस पाहावी लागते. व्यापारी दावा असेल, म्हणजे विषय व्यापारी स्वरूपाचा आणि मूल्य ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल, आणि तातडीचा दिलासा मागितलेला नसेल, तर व्यापारी न्यायालये अधिनियमाच्या कलम १२-अ खालील दाव्यापूर्वीची मध्यस्थी पूर्ण केल्याशिवाय दावा टिकत नाही; सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात २०२२ मध्ये ती अनिवार्य ठरवली. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून मध्यस्थीचा अहवाल दाव्याला जोडावा.

मुदत मोजणे

इथे झालेली चूक सहसा दुरुस्त होत नाही. धनादेशाचेच उदाहरण घेऊ. मागणीची नोटीस आरोपीला २० जानेवारीला मिळाली. तो दिवस सोडून १५ दिवस मोजले की ४ फेब्रुवारी येतो. त्या दिवसापर्यंत पैसे आले नाहीत तर ५ फेब्रुवारीला फिर्यादीचे कारण घडते आणि तिथून एक महिन्यात फिर्याद दाखल व्हायला हवी. कायद्यात शब्द ‘एक महिना’ असा आहे आणि महिना म्हणजे इंग्रजी दिनदर्शिकेचा महिना, म्हणून शेवटची तारीख ५ मार्च. साधनाने महिन्याचे सरळ ३० दिवस धरले तर फेब्रुवारी २८ दिवसांचा असताना उत्तर ७ मार्च येते. दोन दिवसांच्या या फरकाने फिर्याद मुदतबाह्य ठरते आणि मग विलंब माफीसाठी पुरेसे कारण दाखवण्याची वेळ येते. अशा हिशेबात साधनाकडून केवळ अंतिम तारीख घेऊ नये. प्रत्येक पायरीची तारीख, वगळलेला दिवस आणि आधारभूत कलम लिहून घ्यावे, आणि मग भिंतीवरच्या कालनिर्णयाशी ताडून पाहावे.

कैफियतीचेही, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचेही, तसेच आहे. साध्या दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवस आणि न्यायालयाने वाढवून दिल्यास ९० दिवसांपर्यंत, ही मुदत निर्देशात्मक, म्हणजे काटेकोरपणे बंधनकारक नसलेली, मानली गेली आहे. व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर कैफियत दाखल करण्याचा हक्कच जातो. दावा कोणत्या वर्गातला हे साधनाला सांगितलेले नसेल तर ते दोन्ही नियमांची सरमिसळ करते. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा करोनाकाळ मुदतीतून वगळण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश जुन्या व्यवहारांच्या दाव्यांत आजही लागू पडतो, आणि तो साधनाच्या लक्षात आणून द्यावा लागतो.

न्यायनिर्णय आणि गोपनीयता

साधनाने दिलेला कोणताही निवाडा न्यायालयाच्या संकेतस्थळावरून किंवा छापील अहवालातून स्वतः उघडून वाचल्याशिवाय अर्जात घालू नये. न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये अस्तित्वात नसलेले निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. तालुक्यातल्या एखाद्या स्थगिती अर्जातही असाच खोटा निवाडा गेला तर वकिलाची त्या न्यायासनासमोरची पत जाते, आणि ती परत मिळवायला वर्षे लागतात.

पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली माहिती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ खाली संरक्षित आहे. म्हणून सर्वांसाठी खुल्या असलेल्या साधनात नावे, आधार क्रमांक, खाते क्रमांक टाकू नयेत. ‘वादी’, ‘प्रतिवादी क्र. १’ असे लिहून तपासणी करावी आणि त्यासाठी पक्षकाराची लेखी संमती वकीलपत्रासोबतच घ्यावी.

दाखल केल्यावर

हरकत आल्यास तिचा मजकूर आणि संबंधित नियम साधनाला देऊन दुरुस्तीचा मसुदा घेता येतो, परंतु दुरुस्त पान बदलल्यावर पानांचे क्रमांक, यादी आणि सत्यापनातील परिच्छेद क्रमांक पुन्हा तपासावेत, कारण दुसरी हरकत बहुधा पहिल्या दुरुस्तीतूनच निघते. नोंदणी झाल्यावर मिळणारा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक), साधनाने केलेल्या तपासणीची तारखेसह छापील प्रत आणि तीवर तपासणाऱ्या वकिलाची सही कार्यालयाच्या फाइलमध्ये एकत्र लावून ठेवावी.